पंधरा म्हणायचं राहून गेलं

ताई, बावीस वर्षं ती रायफल तुझी होती आणि एकदाही तुझ्या घरी आली नाही. इथे या बेटावर कायद्याने ते शक्यच नाही, पण आपल्याकडच्या कुणाला सांगितलं की ते हसतात. मालकीण यिशुनला अकराव्या मजल्यावर आणि रायफल क्लबच्या शस्त्रागारात, दोन कुलपांच्या आत. वहीत सही करायची, शस्त्रागार सांभाळणाऱ्या ओंग अंकलच्या हातून ती घ्यायची, उडवायची, पुसायची, परत करायची, पुन्हा सही. "पोरगी होस्टेलला ठेवल्यासारखं आहे हे," तू म्हणायचीस. "रविवारी भेटायचं आणि वॉर्डनला घाबरून निघायचं."

तू गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ओंग अंकलचा फोन आला. माणूस गेलं की त्याचं लायसन्सही संपतं. आता वारसाने सही करून रायफल दुसऱ्या लायसन्सवाल्याच्या नावावर करायची, नाहीतर ती जमा करायची, आणि जमा झालेली रायफल कापून टाकतात. मुदत महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत. हे सांगताना त्याचा आवाज उतरला होता. एरवी हा माणूस क्लबच्या नियमांची पुस्तिका भगवद्गीतेसारखी तोंडपाठ म्हणून दाखवतो.

दुसरा लायसन्सवाला म्हणजे मी, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. तुझ्या लेकीने, मैत्रेयीने फोनवर विचारलं, "अंकल, यू टेकिंग ऑर नॉट? आय जस्ट साइन, कॅन." कामाचं बोलताना ती अगदी तुझ्यासारखी बोलते. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तिला वाटलं असेल, अंकलला दुःखाने काही सुचत नाहीये. तसं नव्हतं. रायफल मला हवी होती, लाज वाटावी इतकी हवी होती. पण तिची सही घेण्याआधी तिला एक गोष्ट सांगणं भाग होतं, आणि ती मी तुलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

आपली ओळख शिवीवरून झाली, आठवतं? बारा वर्षं झाली. मी पोस्टडॉक म्हणून आलेला, चोआ चू कांगला भाड्याची खोली, रविवारी करायला काही नाही. लॅबमधल्या कुणीतरी मला क्लबवर ओढून नेलं. पहिली गोळी उडवली आणि रायफलीने खांद्याला असा दणका दिला की माझ्या तोंडून आमच्या आळीतलं काहीतरी निघून गेलं. शेजारच्या चटईवर पालथी पडलेली बाई नेमावरचा डोळा न हलवता म्हणाली, "खांद्यात घट्ट धर. मग आईबहीण काढायची गरज नाही पडत." मी घाईघाईने सॉरी म्हणालो. तू तुझी गोळी शांतपणे उडवलीस, उठून बसलीस आणि विचारलंस, "काऊन रे, पुण्याचा का?"

"हो."

"वाटलंच. शिवी दिली ती दिली, वर इंग्रजीत माफी."

तेव्हापासून मी तुझा प्रोफेसर. प्रोफेसर मी कधीच झालो नाही, होणारही नाही, दर दोन वर्षांनी कंत्राट वाढवून घेणारा माणूस मी. पण तू हाक मारलीस की वाटायचं, एखाद्या वर्षी होऊनही जाईन. मी मात्र तुला दोन वर्षं अहो-जाहो करत होतो. एकदा सरावाला मी "ताई, आपण जरा अर्धा डावीकडे घेता का" असं म्हणालो, तर तू रायफल खाली ठेवलीस. "तेवढ्यात वारा बदलला," म्हणालीस. "अगं म्हण." असं तुला तू म्हणायला लागलो.

या बेटावर सगळं मिळतं, अंतर मिळत नाही. नऊशे मीटर सरळ मोकळी जमीन दिसली की तिथे चार ब्लॉक आणि एक मॉल उभा राहिलेला असतो. आपल्या मोठ्या रायफली इथे आखूड रेंजवर सरावापुरत्या उडायच्या, एरवी कुलपात बसून वर्षभर वाट बघायच्या, आणि वर्षातून एकदा आपण त्यांना परवान्यांच्या जाड फाइलीसकट ऑस्ट्रेलियाला घेऊन जायचो. नऊशे मीटरवर गोळी पोचायला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात वारा तिला हवं तिथे नेतो. म्हणून तर जोडीच्या सामन्यात एकाने पालथं पडून गोळी उडवायची आणि दुसऱ्याने शेजारी बसून, दुर्बिणीला डोळा लावून, वारा वाचायचा. पडलेल्याने झेंड्यांकडे बघायचंच नाही. शेजारचा सांगेल ते ऐकायचं आणि चाप ओढायचा. आयुष्यात मी कुणाशी इतका जवळचा संबंध ठेवलेला नाही.

वारा वाचायचा सराव आपण कुठे करायचो हे क्लबात कुणाला सांगितलं तर पटणार नाही. तुझ्या घराखालचं हॉकर सेंटर, रविवारी सकाळी दहा, खाण्याच्या ठेल्यांमधलं कोपऱ्यातलं टेबल. तुझी बिनसाखरेची काळी कोपी, माझी दुधाची. समोर चार ब्लॉक आणि प्रत्येक खिडकीतून बाहेर आलेल्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे. एकाने जागा सांगायची, दुसऱ्याने वारा.

"सातशे बारा. नववा मजला. बेडशीट."

"डावीकडून, तीन."

"चूक. पाचव्यावरचा बनियन बघ, हलतही नाहीये. वर वारा आहे, खाली नाही. गोळी कुठून जाणार?"

"ताई, गोळी नववा मजला चढून कशाला जाईल?"

"नऊशे मीटरला चढते बाप्पा. शाळेत काय शिकलास?"

शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजीला अनेक वर्षं वाटत होतं की आपण लोकांच्या कपड्यांवर पैजा लावतो. गेल्या वर्षी मात्र तू खेळाचा नियम बदललास. "जागा तू सांग," म्हणायला लागलीस, "कुठला ब्लॉक, कितवा मजला, सगळं तू सांग. मी फक्त वारा सांगते." ब्लॉकच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचे आकडे रंगवलेले असतात. ते मी तुला दर रविवारी वाचून दाखवत राहिलो आणि मनात म्हणत राहिलो की रिटायर झाल्यापासून हिला मास्तरकीची हौस आलीये.

आता आकड्याचं. लांबच्या रेंजवर वीस-वीस टार्गेटं एका ओळीत उभी असतात, सगळी सारखी, तोच काळा गोल, फक्त खाली पाटीवर आकडा. गोळी लागली की खड्ड्यातली माणसं ते टार्गेट खाली ओढतात आणि खूण लावून परत वर करतात. नजर जरा सरकली की तुमची गोळी शेजारच्याच्या टार्गेटवर. या खेळात मुरलेल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी झकास गोळी दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलेली असते, आणि ती कितीही झकास असली तरी मारणाऱ्याला शून्य. म्हणून आपला एक रिवाज होता. प्रत्येक गोळीआधी मी आकडा म्हणायचा. तू तो परत म्हणायचा. तुझा आवाज आला की मी "जाऊ दे" म्हणायचं, आणि मगच तू चाप ओढायचा.

"पंधरा."

"पंधरा."

"जाऊ दे."

दुसऱ्या जोड्या हसायच्या आपल्याला. ऑस्ट्रेलियन लोक त्याला आपली प्रार्थना समजायचे. तो रिवाज तू वडिलांकडून आणला होतास. तुझं लहानपण दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत गेलं. वडिलांनी नोकरीभर काडतुसं भरली आणि एकही उडवली नाही. दारू भरताना एकाने वजन म्हणायचं, दुसऱ्याने ते परत म्हणायचं, आणि परत म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. "बाबांची दहाच्या दहा बोटं शेवटपर्यंत जागेवर होती," तू अभिमानाने सांगायचीस. विहारातल्या बायका तुला विचारायच्या, अगं, पंचशील म्हणतेस आणि गोळ्या झाडतेस? तू म्हणायचीस, "कागद मेलेला पाहिलाय का कुणी? मी बाबांचं राहिलेलं काम पूर्ण करतेय. त्यांनी भरली, मी उडवते." त्या बायका नंतर तुझ्याबरोबर एकदा क्लबवर आल्या आणि सँडविच खाऊन, फोटो काढून, जय भीम करून गेल्या.

तो दिवस मी पुष्कळदा टाळलाय, आता टाळत नाही. गेल्या वर्षीचा आपला शेवटचा सामना. शेवटची गोळी राहिली होती आणि आपण पहिल्या दोन जोड्यांत होतो. मी दुर्बिणीत. उजवीकडचे झेंडे पडले, मधले तसेच उभे, डावीकडचे गोंधळलेले. असं क्वचित होतं, आणि झालं की माझ्या डोक्यात गणित सुरू होतं. मला गणिताचा माज आहे हे तू बारा वर्षं सांगत होतीस. मी म्हणालो, "अर्धा डावीकडे. जाऊ दे."

तू थांबलीस.

मला वाटलं, हिला आता काय झालं. वारा पुन्हा उठत होता. मी ओरडलो, "जाऊ दे ना ताई!" आणि तू चाप ओढलास.

आपलं पंधरा नंबरचं टार्गेट हललं नाही. शेजारचं चौदा नंबरचं खाली गेलं आणि बरोबर मधोमध खूण घेऊन वर आलं. त्याहून सुंदर गोळी त्या दिवशी कुणी मारली नव्हती. तुझ्या नावापुढे शून्य लागलं.

कुणी काही विचारायच्या आत मी बोललो. "आकडा म्हटला होता मी. पंधरा म्हटलं होतं. इतकी वर्षं झाली आणि तुला पाटी बघता येत नाही?" शेजारची जोडी वळून बघायला लागली. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस.

"नाही म्हटलास."

"म्हटलं."

तू उठून बसलीस. मग "बरं" म्हणालीस आणि बोल्ट काढून पुसायला घेतलास.

त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की मी म्हटलंय. हे मी स्वतःला वाचवायला लिहीत नाही, कारण ते फार तर दोन तास टिकलं. संध्याकाळी हॉटेलात तोंड धुताना मला माझा "जाऊ दे" ऐकू आला, दोन्ही वेळचा. "पंधरा" कुठेच ऐकू आला नाही. मी म्हटलंच नव्हतं. सकाळी नाश्त्याला तू समोर बसून टोस्टला लोणी लावत होतीस. एका वाक्याचं काम होतं. मी तुला चहा ओतून दिला आणि विमानाच्या वेळेबद्दल बोललो.

मग तो आपला नेहमीचा वाद झाला. महिनाभर तू चेष्टेने विषय काढायचीस, मी चेष्टेने उत्तर द्यायचो. एकदा मात्र तू कप बाजूला सरकवलास आणि हसली नाहीस. "प्रोफेसर, खरं सांग. म्हटला होतास आकडा? मला खात्री करायचीये." मला ते 'खात्री करायचीये' ऐकून थांबायला हवं होतं. मला वाटलं, बाईसाहेबांना हार मानवत नाहीये. आणि मला तरी कुठे मानवत होती. मी म्हणालो, "म्हटला होता. शंभर टक्के."

तू मान हलवलीस. त्यानंतर विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

पाच महिन्यांनी तू यिशुन स्टेशनवर भर सकाळी खांबाला जाऊन धडकलीस आणि त्या निमित्ताने तुझ्या डोक्याचा स्कॅन झाला. गाठ डोळ्यांच्या नसा दाबत होती. पुढचे अकरा आठवडे मी इथे लिहिणार नाही, ते तुझे आहेत. एकच दुपार लिहितो. हॉस्पिटलच्या खिडकीतून लांबचा एक ब्लॉक दिसत होता. तू डोळे मिटून विचारलंस, "कपडे घातलेत का वाळत?"

"घातलेत."

"जरा जोरात बोल."

"कपडे आहेत ताई. सातव्यावर लाल टॉवेल. डावीकडून, एक. एकसुद्धा नाही, अर्धा."

"चांगला वारा आहे मग," तू म्हणालीस. तेव्हा जीभ अगदी टोकापर्यंत आली होती. पण आजारी माणसाला असलं काही सांगून आपण हलकं व्हायचं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजुती घालण्यात मी हुशार आहे.

मंडाईच्या स्मशानात तुला निरोप देताना मी मागे उभा होतो. सगळे त्रिसरण म्हणत होते, मला ते पाठ नाही. क्लबमधली चार माणसं आली होती, त्यांनी कुठे उभं राहावं हे मला विचारलं, आणि मला ते सांगता आलं नाही, कारण मी तुझा कोण लागतो हे मलाच नेमकं सांगता आलं नसतं. माझे वडील गेले तेव्हा तुला असला प्रश्न पडला नव्हता. तू आठ स्टेशनं गाडीत उभी राहून माझ्या खोलीवर आलीस, बॅग भरलीस आणि तिच्यात एक कोरं धोतर ठेवलंस, लागेल म्हणून. रविवारी सकाळी या बेटावर तू धोतर कुठून पैदा केलंस हे विचारायचं राहूनच गेलं. त्या धोतरावरच मी वडिलांचं सगळं केलं.

तू गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मैत्रेयीने मला घरी बोलावलं. तुझी चटई, तुझं जाड जॅकेट, हातमोजा, पट्टा, सगळं एका पिशवीत भरून ठेवलं होतं. रायफल सोडून रायफलीचं सगळं. मी जॅकेट घडी घालायला घेतलं तर आतल्या खिशात एक छोटी डबी लागली. उघडली. कानाचं यंत्र होतं.

"हे कुणाचं?"

"आईचं, लाह. यू डिडन्ट नो? शी वेअर अंडर द हेअर." मैत्रेयी टेबलावर कागद लावत होती, हात थांबवला नाही. "आफ्टर ऑस्ट्रेलिया. सिक्स टाइम्स शी वेंट टू द इअर डॉक्टर."

"पण तिला तर दिसत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे का नाही गेली?"

"शी थॉट मोतीबिंदू, कॅन वेट. नंबर्स तर वन इयर दिसत नव्हते तिला, फक्त तो ब्लॅक सर्कल. शी सेड नेव्हर माइंड, नंबर प्रोफेसर सांगतो, मग मी टोकापासून गोल मोजते." मग तिने मान वर केली. "बट दॅट डे शी डिडन्ट हिअर यू, ना? तेव्हा घाबरली. आय टोल्ड हर, मे बी अंकल फरगॉट. शी स्कोल्ड मी." आणि तुझ्या लेकीने, जिच्या मराठीला तू जन्मभर हसलीस, तुझाच आवाज काढून तुझं वाक्य म्हणून दाखवलं: "प्रोफेसर खोटं नाही बोलणार बाप्पा. माझेच कान गेले असतील."

मी ती डबी बंद केली. ती बंद होताना टक् असा आवाज येतो. तेवढंच मला त्या दुपारचं नीट आठवतं.

ताई, आपल्या धंद्यात प्रत्येकाचे कान थोडेफार गेलेलेच असतात. कानाच्या डॉक्टरला सापडलं ते खरंच होतं, म्हणून त्याने यंत्र दिलं, आणि तू समाधानाने ते केसांखाली लावलंस. तुझं दुखणं डोळ्यांमागे होतं आणि मी तुला कानांकडे पाठवलं. पाच महिने. मी नंतर मैत्रेयीला विचारलं की आधी कळलं असतं तर? ती म्हणाली, "डॉक्टर सेड सेम सेम. मे बी लिटल बिट मोर टाइम." त्या मे बीपाशी मी रोज जाऊन बसतो. तू त्या दिवशी आकडा ऐकायला थांबली होतीस. तू रिवाज पाळला होतास. तुला ओरडून पुढे ढकललं ते मी.

हे कळल्यावर सही मागणं मला जमेना. आणि न मागता ती रायफल कापू देणंही जमेना. लाकडावर तुझा गाल टेकायचा तिथे रंग उडून गुळगुळीत जागा झालीये, ती कापलेली मला डोळ्यांपुढे यायची.

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, मैत्रेयी क्लबवर आली. बावीस वर्षांत तिने ती रायफल पहिल्यांदा पाहिली. ओंग अंकलने खालच्या रांगेतून काढून ती हिरव्या कापडावर ठेवली. "सो लाँग," ती म्हणाली. "आय ऑल्वेज थॉट ब्लॅक. इट्स वुड." तिने बोट फिरवलं, नेमकं त्या गुळगुळीत जागेवर. ओंग अंकल म्हणाला, "युवर मदर व्हेरी स्ट्रिक्ट लेडी. चेक द बॅरल थ्री टाइम्स. एव्हरी टाइम थ्री." मग फॉर्म पुढे सरकवला. तिने पेन उघडलं.

"थांब," मी म्हणालो. "मैत्रेयी, त्या दिवशी मी आकडा म्हटला नव्हता."

तिला मराठी सगळं कळतं.

"यू शुअर?"

"त्याच संध्याकाळपासून."

"अँड शी आस्क्ड यू. शी आस्क्ड यू सीरियसली. आय नो, शी टोल्ड मी."

"हो."

तिने पेनाला टोपण लावलं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मराठीत म्हणाली, "ती सहा वेळा गेली, अंकल. मी तिला सोडायला जायचे." आणि फॉर्म तसाच ठेवून निघून गेली. ओंग अंकलने रायफल उचलून परत जागेवर ठेवली आणि मला म्हणाला, "फ्रायडे, फाइव्ह ओ'क्लॉक. आफ्टर दॅट आय कान्ट हेल्प." 

गुरुवारी मी कामावर गेलो नाही. शुक्रवारी दुपारी तीनपासून शस्त्रागाराच्या दाराशी बाकावर बसून राहिलो. पाचाला दहा मिनिटं कमी असताना ती आली, ऑफिसच्या कपड्यांत, टॅक्सीने. माझ्याकडे न बघता आत गेली, सही केली, बाहेर आली. डोळे सुजलेले होते.

"आई असती तर तिने सही केली असती," ती म्हणाली. "सो आय साइन. फॉर हर. नॉट फॉर यू." आणि दोन पावलं जाऊन वळली. "डोन्ट कॉल मी फॉर अ व्हाइल, अंकल."

मी नाही करणार फोन. तिने परत हाक मारेपर्यंत थांबायचं, मग कितीही दिवस लागोत. थांबायला मी आता शिकतोय.

काल शनिवारी रेंजवर गेलो. ओंग अंकलने तुझी रायफल माझ्या हातात दिली, आणि पहिल्यांदाच नियम सांगितले नाहीत. सहा नंबरची जागा मिळाली. तुझी चटई अंथरली. तुझ्या मापाचा पट्टा मला आखूड होतो, तो तसाच ठेवला, दंडावर वळ उठला. काडतूस घातलं, बोल्ट बंद केला, त्या गुळगुळीत जागेवर गाल टेकवला. वारा अजिबात नव्हता, झेंडे पडलेले, याहून सोपी गोळी आयुष्यात मिळायची नाही. श्वास अर्धा सोडला आणि मोठ्याने म्हणालो, "सहा."

शेजारच्या माणसाने कानावरचा मफ उचलून माझ्याकडे पाहिलं आणि परत लावला.

मी वाट पाहिली. परत म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. पुन्हा एकदा म्हणालो, जरा जोरात, हॉस्पिटलात तू सांगितलं होतंस तसं. मग बोटं दुखायला लागली. बोल्ट उघडला, काडतूस काढून डब्यात ठेवलं, नळी तीनदा तपासली आणि रायफल परत नेऊन दिली.

"सो फास्ट?" ओंग अंकलने विचारलं आणि वही पुढे केली. किती गोळ्या उडवल्या त्याचा एक रकाना असतो. मी माझ्या नावापुढे शून्य लिहिलं आणि सही केली.